जांभळीच्या तळ्याची गौर

जांभळीच्या तळ्याबद्दल पहिली तक्रार कोणी केली, असे १९५५ साली त्या गावात कोणालाही विचारले असते तर एकच नाव मिळाले असते: शुभाताई दातार. ते बरोबर नव्हते. पहिली तक्रार शुभाच्या थोरल्या जावेने, उत्तराने केली होती, तीही सहा वर्षे आधी. पण हे ठाऊक असलेली माणसे थोडी होती आणि लक्षात ठेवलेले माणूस एकच होते, ते म्हणजे खुद्द उत्तरा.

मुलुंड आणि भांडुपच्या मधे, रुळांच्या पूर्वेला, खाडीकडे उतरत गेलेले हे गाव. मुंबईची हद्द वाढणार आणि मग नळ येणार, अशी बोलवा अधूनमधून उठे आणि विरून जाई. तोवर ज्यांच्या परसात विहीर त्यांना विहीर, बाकीच्यांना तळे. तळ्यात धुणी होत, दुपारी तबेल्यातल्या म्हशी उतरत, भाद्रपदात गणपती बुडत आणि वरच्या अंगाने तबेल्याचा ओहोळ बारा महिने येऊन मिळे. पाणी आधी पिवळट झाले, मग हिरवे. शेवटी त्यावर शेवाळाची जाड साय धरू लागली.

एकोणपन्नास साली उत्तराने आळीतल्या दहाबारा बायका जमवल्या, ते हिरवे पाणी कळशीत भरले आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन कळशी सरपंचांच्या टेबलावर ठेवली. सरपंच दशरथ पाटील तेव्हाही तेच होते. माणूस स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला विनोदाची खोड होती. कळशीत डोकावून त्यांनी विचारले, "वहिनी, याचा चहा करू की कढी?" कचेरी हसली. सोबत आलेल्या बायकांपैकीही दोघीतिघी पदराआड हसल्या. उत्तरा कळशी कमरेवर घेऊन परत आली आणि ते पाणी तिने परसातल्या केळीला घातले. रात्री जेवताना विद्याधर, तिचा नवरा, फोर्टातल्या बँकेत हेडक्लार्क, एवढेच म्हणाला की बायकांनी कचेरीत जाण्याची आपल्याकडे पद्धत नाही. विषय तिथे मिटला.

तीन वर्षांनी धाकटा दीर मधुकर याचे लग्न झाले आणि शुभा घरात आली. गिरगावातली, बी.ए. झालेली, मुलुंडच्या शाळेत शिकवणारी. स्वयंपाकात हात बेताचा, पण बोलणे गोड आणि कान तिखट. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता उत्तरानेच तिला कळशीची गोष्ट सांगितली. शुभाने सूप खाली ठेवून ती ऐकली. कोणत्या बाजूचे पाणी घेतले, सरपंच नेमके काय म्हणाले, मग तुम्ही काय म्हणालात, सगळे विचारून घेतले. आपले इतके लक्षपूर्वक ऐकणारे कोणी तरी या घरात आले, याचे उत्तराला त्या दिवशी फार बरे वाटले.

त्यानंतर दोन वर्षांनी हिवतापाने गावात माणसे दगावली. वरून कान उपटले गेले, तेव्हा पंचायतीने तळे सुधार समिती नेमली. समितीवर एक बाई हवी होती. दशरथ पाटील विद्याधरकडे आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, तुमच्या घरातली शिकलेली बाई द्या. उत्तरा आतून चहा घेऊन येत होती. ती दारातच थबकली. सरपंचांची नजर तिच्यावरून सरकत शुभावर जाऊन थांबली.

समितीच्या पहिल्या सभेत शुभाने प्रत्येक खुर्चीपुढे तळ्यातल्या पाण्याचा एकेक पेला मांडला आणि काही न बोलता उभी राहिली. कोणी हसले नाही. दशरथ पाटलांनी पेला उजेडाकडे धरला, मान हलवली आणि म्हणाले, "ताई, डोळे उघडलेत आमचे." पाणी तेच, तळे तेच, सरपंचही तेच. कळशीचा पेला झाला होता आणि नऊवारी जाऊन पाचवारी आली होती, एवढाच काय तो फरक. भाषणात शुभा म्हणाली, की जांभळीच्या बायका पूर्वीही एकदा पाणी घेऊन या कचेरीत आल्या होत्या. जांभळीच्या बायका. मागच्या बाकावर बसलेल्या उत्तराने आपले नाव येईल म्हणून वाट पाहिली. वाक्य पुढे सरकले. नाव आले नाही.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखू लागले ते थांबेना.

तळ्याची योजना दातारांच्या ओसरीवरच आकाराला आली. रंगीत पेन्सिलींनी काढलेला मोठा नकाशा जाजमावर पसरलेला असे. प्यायचे पाणी भरायला एक घाट, धुण्याला दुसरा, गुरांना तिसरा आणि तो सर्वांत खालच्या अंगाला. तबेल्याचा ओहोळ चर खणून बाहेरच्या बाहेर खाडीकडे वळवायचा. गणपतींसाठी एक कोपरा बांधून घ्यायचा. समितीची माणसे येत, बोलत, चहा पीत. चहा उत्तरा करी. आत चुलीपाशी बसून तिने ती योजना इतक्या वेळा ऐकली की झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने घडाघडा म्हणून दाखवली असती. एकदा तिने चहाची गरम किटली नकाशावरच टेकवली. धुण्याच्या घाटाच्या जागी तपकिरी कडे उमटले. उत्तरा म्हणाली, अगं बाई, दिसलंच नाही. शुभाने क्षणभर त्या कड्याकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "बरंच झालं वहिनी. घाट गोलच बांधू या, शोभून दिसेल." सगळे हसले आणि घाट खरोखरच गोल ठरला. अशा माणसाचे करायचे तरी काय?

तळ्यापाशी उत्तराचे म्हणून एकच काही उरले होते, आणि ते म्हणजे गौर.

दातारांकडे खड्यांच्या गौरी. गणपती बसल्यावर गौरीच्या दिवशी घरातल्या थोरल्या सुनेने ताम्हन घेऊन एकटीने तळ्यावर जायचे, जांभळीच्या झाडाखालून सात खडे वेचायचे, धुऊन ताम्हनात ठेवायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी यायचे. वाटेत बोलायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही. बोललीस तर गौर पाण्याकाठीच राहते, घरी येतात ते नुसते दगड, असे सासूबाई सांगत. सासूबाई चूळ तळ्याच्याच पाण्याने भरीत. पाणी बिघडल्यापासून उत्तरा घरून तांब्या नेई. सासूबाई गेल्या, तांब्या आला, पण अठरा वर्षांत उत्तराच्या तोंडून त्या वाटेवर एक अक्षर निघाले नव्हते.

आता शेवाळाची गोष्ट. त्यावर उपाय मोरचुदाचा होता. ठाण्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रमाण काढून दिले होते आणि रीतही सांगितली होती. मोरचूद गोणपाटात बांधायचे, गोणपाट होडीच्या मागे सोडायचे आणि होडी सावकाश सगळ्या तळ्यावरून फिरवायची. तेही एका वेळी नाही, चार हप्त्यांत, मधे आठवडा सोडून. थोडेथोडे सगळीकडे गेले तर शेवाळ मरते आणि मासा जगतो. एकदम एका जागी गेले तर मासाही मरतो.

माशांचा प्रश्न लहान नव्हता. तळ्यातल्या मासळीचा मक्ता बळवंत कोळ्याकडे होता. खाडीवरची मासेमारी गुडघ्याच्या दुखण्याने सुटल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, पार्वतीने, या तळ्यात पिल्ले सोडून ती वाढवली होती. मोरचुदाचे नाव ऐकताच बळवंतने होडी द्यायला नकार दिला. शुभा स्वतः कोळीवाड्यात त्याच्या दारी गेली. तिने सगळी रीत समजावली आणि शेवटी सांगितले, "बळवंतभाऊ, एक मासा मरणार नाही. मेला तर मला येऊन विचारा." बळवंतने होडी दिली.

या शब्दावर आणखी एक माणूस नजर ठेवून होता. श्यामसुंदरराव हे पंचांपैकी एक, तळ्याच्या दोन्ही अंगांना त्यांची जमीन. त्यांचे म्हणणे पहिल्यापासून असे की तळे सुधारायचे कशाला, बुजवा, भरणी घाला, वर बाजार बसवा. सरपंचांनी त्यांना थोपवून धरले होते. आधी हा मोरचुदाचा प्रयोग होऊ दे, साधला तर घाट बांधू, फसला तर तुमचा ठराव घेऊ, असे सभेत सर्वांसमक्ष ठरले होते.

श्रावणात दोन हप्ते नीट पार पडले. जांभळीच्या बाजूला साय फाटली आणि खालचे पाणी दिसू लागले. लोक मुद्दाम बघायला येत. कोणी तरी म्हणून गेले, "शुभाताईंचं तळं", आणि तेच नाव तोंडोतोंडी झाले. उत्तराने ते प्रथम वाण्याच्या दुकानात ऐकले. गूळ तोलून झाला होता, तरी ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

मग पावसाने झोड उठवली आणि तिसरा हप्ता लांबला. उघडीप मिळाली ती नेमकी गणपतीत. पंचायतीची कामावरची माणसे बहुतेक कोकणातली. रजा मिळेल तसे एकेक जण गावी गेले होते. राहिला होता एकटा धाकू, सावंतवाडीकडचा. त्याला सांगितले होते की बळवंतला सोबत घेऊन तिसरा हप्ता टाक आणि मग जा. चौथा हप्ता पुढच्या आठवड्यात, म्हणून त्याने आठवडाभरात परत यायचे.

गौरीच्या दिवशी सकाळी उत्तरा ताम्हन आणि तांब्या घेऊन तळ्यावर गेली. जांभळीखाली खडे वेचले, धुतले, ताम्हनात मांडले, हळदकुंकू वाहिले. तांब्यातल्या पाण्याची चूळ भरून ती उठली, तेव्हा तिला समोर घाटासाठी आखलेल्या जागी धाकू दिसला. होडी काठाला बांधलेली होती. बळवंतचा पत्ता नव्हता. धाकू काठच्या दगडांवर उभा राहून गोणी उलटी करत होता. निळे खडे खडखडत पाण्यात पडत होते. एक गोणी रिकामी झाली, त्याने दुसरी ओढली. तिसऱ्या आणि चौथ्या हप्त्याचे सगळेच मोरचूद त्याने आणले होते. सगळे आत्ताच संपले की पुढच्या आठवड्यात परत यायला नको.

पाठमोऱ्या धाकूला कोणी तरी असल्याची चाहूल लागली. त्याने वळून पाहिले आणि हात जोडले.

"वयनी, गाडी चुकात माझी. घरात गौर माझ्याबिगर जातली. खंय बोला नकात."

उत्तराच्या तोंडात पाणी होते. ती त्याच्याकडे पाहत राहिली. पुढच्या गोणीचे तोंड अजून बांधलेलेच होते. एवढे सगळे एका जागी गेले तर काय होते, हे तिला पाठ होते. एक चूळ थुंकून, 'अरे थांब' एवढेच म्हणायचे होते. पण अठरा वर्षांत जे मोडले नव्हते ते एका गोणीसाठी मोडायचे? गौर पाण्याकाठी राहिली तर? धाकूने तिचे गप्प राहणे हाच होकार धरला आणि गोणीची गाठ सोडली. उत्तरा वळली आणि चालू लागली. नियम असा की मागे पाहायचे नाही. तिने पाहिले नाही.

दारात शुभा ओवाळणीचे तबक घेऊन उभी होती. तिने उत्तराच्या पायांवर दूधपाणी घातले, कुंकू लावले, गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली, असे म्हणत तिला घरभर फिरवले. गौर चौरंगावर बसली. उत्तरा परसात गेली आणि तुळशीच्या कट्ट्यापाशी तिने चूळ टाकली. आता तोंड मोकळे होते. सांगायचे असे तिने ठरवलेही होते. अजून बळवंतला हाक मारता आली असती, मासे दुसऱ्या टोकाला हाकलता आले असते.

ती आत आली तेव्हा ओटीवर सरपंचांची बायको रत्नप्रभा हळदीकुंकवाला येऊन बसली होती. ती शुभाला म्हणत होती, "पुढच्या वर्षी गौर तुम्हीच आणायची हं शुभाताई. तळं तुमचं, मग खडेही तुमच्याच हातचे शोभतील."

शुभा हसली. "वहिनींनी दिली तर."

तिने ते थट्टेतच म्हटले होते. पण उत्तराच्या जिभेवर आलेले शब्द आले तसे परत गेले. ती रत्नप्रभेला करंजी द्यायला आत वळली. डब्याचे झाकण तिने जरा जोरातच लावले.

दुसऱ्या दिवशी गौरीच्या जेवणाची पाने वाढली जात होती, तेव्हा वारा फिरला आणि घरात वास शिरला. मधुकर बाहेर जाऊन आला आणि ओसरीच्या पायरीवरच थांबला. तळे पांढरे झाले आहे म्हणाला. मासे पोटे वर करून तरंगत होते, घाटाच्या जागेपाशी तर पाणी दिसत नव्हते. शुभा पानावरून तशीच उठली.

त्यानंतरचे दिवस उत्तराने जसे काढले तसे कोणी काढू नयेत. पण खरे सांगायचे तर पहिल्या संध्याकाळी तिला वाईट वाटले नाही. वाण्याच्या दुकानात 'शुभाताईंचं तळं' हे शब्द आता वेगळ्या सुरात निघत होते. बी.ए. झालं म्हणजे मोरचूद कळतं का, असे कोणी तरी म्हणाले आणि उत्तराने घरी येऊन त्या दिवशी पोटभर भात खाल्ला. शुभा जेवली नाही. ती नकाशा आणि ठाण्याहून आलेली प्रमाणे पुढ्यात घेऊन पुन्हा पुन्हा आकडेमोड करत होती. धाकू गावाला गेलेला. बळवंत म्हणाला, की मला बोलवायला कोणी आलेच नाही, मला वाटले हप्ता पुढे ढकलला. शुभाला वाटले, पावसाने पाणी वाढले त्याचा हिशेब आपणच चुकवला. "वहिनी, माझंच कुठे तरी चुकलंय," ती म्हणाली. आणि तिने पेन्सिल पुन्हा पहिल्या आकड्यावर नेली. उत्तरा तिच्याजवळ उभी होती, खांद्यावर हात ठेवता येईल इतकी जवळ. ती म्हणाली, "दूध तरी घे."

आपण बोललो तर धाकूची नोकरी जाईल, असे कारण तिने स्वतःला दिले. गरिबाच्या पोटावर पाय कशाला? कारण चांगले होते. ते तिचे नव्हते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी गौरीचे विसर्जन. आळीतल्या बायकांनी त्या घाणीत जायला नको म्हणून बादलीतच गौरी बोळवल्या. उत्तरा मात्र नाकाला पदर लावून तळ्यावर गेली. पार्वती गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरत होती, काठावर पुरायला खड्डा खणलेला होता. उत्तराने खडे पाण्यात सोडले. पार्वतीने कंबर सरळ केली.

"बाय, गवरीचे दिशी तू हितंच व्हतीस ना? मी पल्याडशी बगितलं तुला. तोंडान पानी व्हतं तुजे, म्हून हाक नाय मारली. गवर मोडंल."

एवढे बोलून ती पुन्हा वाकली. तिने काही विचारले नव्हते. आता तर उत्तराच्या तोंडात पाणीही नव्हते. तरी ती तशीच परत आली.

सभा दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत भरली. सगळा गाव लोटला होता. बळवंत आणि पार्वती खांबाला टेकून बसले होते. श्यामसुंदररावांनी तळे बुजवण्याचा ठराव वाचला. कोणी तरी विचारले, गौरीचे खडे मग कुठून आणायचे? ते म्हणाले, रुळांवर पुष्कळ आहेत. हशा झाला. दशरथ पाटलांनी मात्र या वेळी विनोद केला नाही. ठरावावर मत घेण्याआधी त्यांनी शुभाला विचारले, ताई, तुम्हांला काही म्हणायचंय?

शुभा उठली. ती म्हणाली, "मी बळवंतभाऊंना शब्द दिला होता. तो मोडला. चूक कुणा गड्याची नाही, अधिकाऱ्यांची नाही, प्रमाण नीट न पाहिल्याची चूक माझी आहे. समितीतून मला मोकळं करा, हवी ती शिक्षा द्या. पण माझ्या चुकीसाठी तळ्याला मारू नका." मग ती बळवंतकडे वळली आणि भर सभेत तिने त्याला वाकून नमस्कार केला.

बळवंतने तोंड फिरवून डोळे पुसले. बायकांच्या बाजूला हुंदके ऐकू येऊ लागले. रत्नप्रभा शेजारणीला म्हणाली, "असं कबूल करायला वाघिणीचं काळीज लागतं गं." तिच्या स्वरात जे कौतुक होते ते घाटांच्या नकाशासाठी नव्हते, स्वच्छ पाण्यासाठीही नव्हते. ते फार मोठे होते. असे कौतुक गावाने आजवर कोणाचेच केले नव्हते.

उत्तराने ते पाहिले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकली तरी हीच, हरली तरी हीच. आणि ही चूक तरी हिची होती का? जी केलीच नाही त्या चुकीचा मानही हिनेच न्यायचा? ती उठून उभी राहिली तेव्हा आपण काय करतो आहोत हे तिला पुरते उमगले नव्हते.

"तिची काही चूक नाही," ती मोठ्याने म्हणाली. "उगाच मोठेपणा घेऊ नकोस, शुभा. मी बघितलंय. होडी सोडलीच नव्हती. दोन्ही हप्त्यांच्या गोण्या काठावरून एका जागी उलट्या केल्या."

एकच गलका झाला. कोणी उलट्या केल्या, हे तिने सांगितले नाही, पण त्या दिवशी कामावर एकटा कोण होता हे सगळ्यांना ठाऊक होते. पार्वती खांबापासून उठून म्हणाली, ही बाय तिथे होती, मी पल्याडून पाहिली आहे. दशरथ पाटलांनी उरलेल्या गोण्या बघायला माणूस पाठवला. तो परत येऊन म्हणाला, खोलीत एकही गोणी नाही. चौथ्या हप्त्याची असायला हवी होती. ठराव आपोआपच मागे पडला. श्यामसुंदररावांनी कागदाची घडी घातली, पण बसण्याआधी ते उत्तराकडे वळले. माणूस हुशार होता. त्यांनी अगदी शांतपणे विचारले:

"वहिनी, पाहिलंत गौरीच्या दिवशी. आज चौथा दिवस. इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलात?"

सगळ्या पडवीने उत्तराकडे पाहिले. विद्याधरनेही पाहिले. सांगण्यासारखे एकच उत्तर होते आणि ते सांगण्यासारखे नव्हते.

"आमच्या घराण्यात तशी रीत आहे," शुभा म्हणाली.

ती अजून उभीच होती. आवाज वर्गात शिकवावा तसा सपाट होता. "गौर आणणारीनं वाटेत जे पाहिलं ते गौर बोळवेपर्यंत बोलायचं नाही. सासूबाईंची रीत. काल गौर बोळवली, आज वहिनी बोलल्या."

अशी कोणतीही रीत नव्हती. वाट संपली, तुळशीपाशी चूळ टाकली, की मौन संपले. हे विद्याधरला माहीत होते, मधुकरला माहीत होते. दोघेही गप्प बसले. बायकांच्या बाजूला मात्र माना डोलल्या. पार्वतीने हात जोडले. रत्नप्रभा म्हणाली, "जुन्या घरांतलं हे असं कडक असतं."

सभा संपल्यावर दोघी जावा एकत्र घरी आल्या. वाटभर उत्तरा वाट पाहत होती, ही आता विचारेल, आता विचारेल. विचारले असते तर भांडता आले असते. कळशी काढता आली असती, पेला काढता आला असता, वाण्याच्या दुकानातला गूळसुद्धा. शुभाने दार उघडले, पाय धुतले आणि म्हणाली, "वहिनी, आज पिठलंच टाकू या का? दमलात तुम्ही." आणि त्या दिवसानंतर तिने तो विषय कधीही, एकटीत किंवा चौघांत, काढला नाही.

धाकू परत आल्यावर त्याची नोकरी जाणार होती. ती शुभाने शब्द टाकून वाचवली. त्याला तळ्यावरून काढून रस्त्याच्या खडीवर घातले. पंचायतीने बळवंतला नवी पिल्ले सोडून दिली. पावसाळा सरल्यावर ओहोळ वळवला गेला, तीन घाट झाले, धुण्याचा घाट गोल झाला. गाव म्हणू लागला की शुभाताई होत्या म्हणून तळे राहिले. कोणी आठवणीचा असला तर पुढे जोडी, आणि त्यांच्या जाऊबाईंनीही सभेत साक्ष दिली हो.

पुढच्या भाद्रपदात गौरीच्या आदल्या दिवशी रत्नप्रभा दातारांकडे आली. पाटलांची सूनही आता खडे आणणार होती आणि रत्नप्रभेला रीत नीट विचारून घ्यायची होती. वाटेत पाहिलेले तीन दिवस बोलायचे नाही, हे तिने सुनेला बजावलेच होते. आळीतल्या आणखी दोन घरांनीही यंदापासून ते धरले होते. "तुमची जुनी रीत ना ही, उत्तरावहिनी?" तिने आदराने विचारले.

उत्तराने तोंड उघडले. पलीकडे शुभा अळूची पाने पुसत होती. तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. पान पुसले, बाजूला ठेवले, दुसरे घेतले. गेले वर्षभर ती अशीच होती, शेजारच्या कामात गुंतलेली, आणि एका शब्दाने कधी न डिवचणारी. गप्प राहणे तेवढे उत्तराचे होते. अठरा वर्षे तिने ते सांभाळले होते. त्यातही ही सरस निघाली होती.

"हो," उत्तरा म्हणाली. "जुनी आहे."

दुसऱ्या दिवशी ती ताम्हन घेऊन तळ्यावर गेली. तांब्या घरीच विसरला होता, की ठेवला होता, हे तिचे तिलाच ठाऊक. जांभळीखाली सात खडे वेचून तिने धुतले. पाण्यात पायाची बोटे दिसत होती आणि बोटांजवळून बळवंतची पिल्ले सळकन निघून जात होती. ती वाकली आणि सासूबाई भरत तशी ओंजळीनेच चूळ भरली.

पाणी गोड होते. तिला त्याचाही राग आला. तो तोंडात तसाच धरून, मागे न पाहता, ती घराकडे चालू लागली. दारात शुभा ओवाळणीचे तबक घेऊन उभी असणार होती.